रोजचे १५६ किलोमीटर आणि हायब्रिड गाडी: नऊ महिन्यांचा अनुभव

वरुड तालुक्यातील आमच्या गावापासून अमरावतीचे माझे कार्यालय ७८ किलोमीटरवर आहे. वडिलांची प्रकृती आणि संत्र्याची बाग यांमुळे गाव सोडणे शक्य नसल्याने हा प्रवास मी अनेक वर्षे जुन्या डिझेल गाडीने रोज जाऊन-येऊन केला. ती गाडी थकल्यावर, दसऱ्याला, स्ट्रॉंग हायब्रिड गाडी घेतली. आता तिचे ३१,००० किलोमीटर झाले आहेत आणि प्रत्येक वेळी टाकी पूर्ण भरून केलेली नोंद वहीत आहे, त्यामुळे खालील आकडे डॅशबोर्डवरचे नसून पंपावरचे आहेत.

घेण्यापूर्वी एक फरक नीट समजून घ्यावा. माइल्ड हायब्रिड गाडीत विजेची मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. स्ट्रॉंग हायब्रिडमध्ये मात्र इंजिन पूर्ण बंद असतानाही मोटर गाडी चालवू शकते, आणि तिची बॅटरी बाहेरून चार्ज करावी लागत नाही. इंजिन आणि ब्रेक लावताना परत मिळणारी ऊर्जा यांवरच ती भरते. माझ्या गाडीतील दीड लिटरच्या पेट्रोल इंजिनासोबतची बॅटरी जेमतेम पाऊण युनिट वीज साठवते. एवढ्याशा बॅटरीने काय होणार, ही माझी पहिली शंका होती. पण तिचे काम साठवण्याचे कमी आणि क्षणाक्षणाला घेऊन लगेच देण्याचे जास्त आहे, हे रस्त्यावर आल्यावरच कळले.

आमच्या मार्गावर सलग वेग मिळत नाही. संत्र्याच्या तोडणीच्या दिवसांत क्रेटांनी भरलेल्या ट्रॉल्या, कापसाची वाहने, शेळ्यांचे कळप आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी असलेले गतिरोधक यांमुळे दर दोन-तीन किलोमीटरला वेग कमी करावा लागतो. साध्या गाडीत ब्रेकमध्ये वाया जाणारी ही ऊर्जा येथे बॅटरीत जाते आणि गतिरोधक ओलांडल्यावर गाडी त्याच विजेवर निघते. हिवाळ्यात मला लिटरला २४ किलोमीटर मिळाले, मे महिन्यात २१, आणि नऊ महिन्यांची सरासरी साडेबावीस आहे. प्रमाणित आकडा २७ च्या वर असला तरी तो धरून हिशेब करू नये.

याच्या उलट अनुभव समृद्धी महामार्गावर आला. छत्रपती संभाजीनगरला जाताना ११० ते १२० च्या वेगाने ही गाडी लिटरला १७ किलोमीटरच्या वर गेली नाही. ब्रेकच लागत नसेल तर परत मिळवण्यासारखी ऊर्जा उरत नाही, आणि त्या वेगाला बहुतेक सारा भार इंजिनावरच असतो. म्हणून रोजचे अंतर किती, यापेक्षा त्या अंतरात आपण किती वेळा ब्रेक लावतो, हे आधी मोजावे असे माझे ठाम मत झाले आहे.

पैशांचा हिशेब असा. याच गाडीच्या साध्या पेट्रोल ऑटोमॅटिक प्रकारापेक्षा मला सव्वादोन लाख रुपये जास्त द्यावे लागले. त्या प्रकाराचे मायलेज साडेसोळा धरले तर नऊ महिन्यांत सुमारे ५०० लिटर पेट्रोल वाचले, म्हणजे १०५ रुपयांच्या दराने साधारण साडेबावन्न हजार. या गतीने वरची रक्कम सव्वातीन वर्षांत वसूल होईल. वर्षाला बारा हजार किलोमीटरच फिरणाऱ्यास मात्र त्यासाठी अकरा वर्षे लागतील. त्याने हा खर्च करू नये. दीड लिटर इंजिनाच्या हायब्रिडवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, तर विजेच्या गाडीवर ५ टक्के. तरीही विजेची गाडी मी घेतली नाही, कारण आमच्याकडे रात्रीच्या विजेचा भरवसा धरून सकाळी ७८ किलोमीटर निघता येत नाही.

उन्हाळ्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. या गाडीचा एसी विजेवर चालत असल्याने रेल्वे फाटकाशी थांबलो तरी इंजिन बंद राहून गारवा मिळतो. पण ४५ अंशांच्या दुपारी बॅटरी काही मिनिटांतच उतरते आणि इंजिन पुन्हा सुरू होते. बॅटरी थंड ठेवणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते. तेथील फिल्टर पहिल्यांदा काढला तेव्हा त्यावर मातीचा आणि कापसाच्या तंतूंचा जाड थर बसला होता. आई मागच्या सीटवर पिशव्या ठेवते, त्याही नेमक्या जाळीला टेकत असत. आता महिन्यातून एकदा फिल्टर झटकतो आणि ती बाजू मोकळी ठेवतो.

चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना बॅटरी अर्ध्या घाटातच पूर्ण भरली आणि इंजिनाचा आवाज एकदम वाढला. मी घाबरलो होतो, परंतु जास्तीची ऊर्जा जिरवण्यासाठी इंजिन पेट्रोल न जाळता फिरवले जाते, हे नंतर समजले. उतारावर गिअर ‘बी’वर, म्हणजे इंजिनाच्या रोधाने वेग आवरणाऱ्या स्थितीवर, ठेवावा.

डिकी लहान आहे. जुन्या गाडीत संत्र्याचे चार क्रेट मावत, येथे दोनच. गावात शिरताना गाडी विजेवर असल्याने आवाज होत नाही. “बाबू, गाडी बंद पडली काय?” असे वडिलांनी पहिल्या दिवशी विचारले होते. पण ओट्यावरून उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना गाडी आल्याचे कळतच नाही, ही खरी काळजीची बाब आहे. गल्लीत मी पायी चालण्याच्या वेगाने जातो आणि हलका हॉर्न देतो.

एकच मोठी अडचण आली. वडिलांना नागपूरच्या रुग्णालयात ठेवले होते तेव्हा गाडी बारा दिवस उभी राहिली आणि बारा व्होल्टची छोटी बॅटरी पूर्ण उतरली. मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होईना, कारण तिची सारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा छोट्या बॅटरीवर सुरू होते. सर्व्हिस सेंटरने टोचन करून अमरावतीला आणण्यास सांगितले. शेवटी गावातल्या मेकॅनिकने मॅन्युअल वाचून, ट्रॅक्टरची बॅटरी जम्पर केबलने जोडली आणि दोन मिनिटांत डॅशबोर्डवर ‘रेडी’ उमटले. इंजिन फिरवण्याचे काम मोठी बॅटरी करते, त्यामुळे बाहेरून फार थोडा करंट पुरतो. तेव्हापासून केबल घरात ट्रॅक्टरजवळ टांगलेली असते, आणि मी बाहेरगावी असलो की दर पाचव्या दिवशी मुलगा अंगणात गाडी अर्धा तास ‘रेडी’वर ठेवतो.