फ्रीबीएसडीचा पीएफ फायरवॉल: डांडिया बाजारातल्या कचेरीतला अनुभव

वडोदऱ्याच्या डांडिया बाजारात एका करसल्लागार काकांच्या कचेरीचं नेटवर्क मी सांभाळतो. 20 तारीख जवळ आली, जीएसटीआर-3बी या जीएसटीच्या विवरणपत्राची घाई सुरू झाली, की तिथली लाइन तुंबायची. एकाने मोठी फाइल चढवायला घेतली की बाकीच्यांचं पोर्टल नुसतं फिरत राहायचं. म्हणून जुन्या डेस्कटॉपमध्ये दुसरं नेटवर्क कार्ड घातलं, त्यावर फ्रीबीएसडी ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आणि तिच्यातला पीएफ, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा गाळणारा फायरवॉल, चालू केला. खर्च फक्त कार्डाचा.

पीएफ मूळचा ओपनबीएसडी या भावंड सिस्टीमचा. परवान्याच्या वादात तिथून आयपीफिल्टर हा आधीचा फायरवॉल काढावा लागला, तेव्हा 2001 मध्ये डॅनियल हार्टमायर यांनी तो लिहिला. फ्रीबीएसडीत तो 5.3 पासून, म्हणजे 2004 पासून आहे.

त्याचे नियम वाचता येतात, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा गुण. आधी 'ब्लॉक इन ऑल' (बाहेरून येणारं सगळं अडवा), मग 'पास आउट ऑल कीप स्टेट' (आतून जाणारं सगळं सोडा आणि त्याची नोंद ठेवा). काकांना अर्थ सांगितला, तर लगेच म्हणाले, "म्हणजे आपण बोलावलं तोच आत येणार." अगदी बरोबर! आतून जोडणी निघाली की पीएफ तिची नोंद ठेवतो. उत्तराची पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे, त्या नोंदीशी जुळली की नियमांची यादी पुन्हा तपासावी लागत नाही. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा: इथे जुळणारा शेवटचा नियम लागू होतो. मधेच निकाल हवा तर 'क्विक' लिहायचं. नियमांची फाइल बदलली की आधी 'पीएफसीटीएल -एनएफ' चालवा. ती आज्ञा नियम लागू न करता फक्त लिखाण तपासते.

आता कर्नलचं, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचं. नुसती गाळणी हवी असेल तर पीएफचं मॉड्यूल (कर्नलला वरून जोडता येणारा भाग) लोड करा, आरसी.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये पीएफ चालू करा, झालं. स्वतः कर्नल बांधायच्या (कंपाइल करायच्या) फंदात पडू नका. मला बांधावा लागला तो एएलटीक्यूसाठी, म्हणजे पॅकेटांच्या रांगा लावून कुणाला आधी सोडायचं ते ठरवणाऱ्या सोयीसाठी, कारण ती मॉड्यूल म्हणून मिळत नाही. जेनेरिक या कर्नलच्या मूळ सेटिंग फाइलची प्रत काढून त्यात एएलटीक्यूच्या ओळी घातल्या, 'मेक बिल्डकर्नल', मग 'मेक इन्स्टॉलकर्नल'. जुन्या मशीनवर वेळ लागतो, पण आधीचा कर्नल कर्नल.ओल्ड म्हणून शाबूत राहतो. नवा उठला नाही तर त्यावरून मशीन सुरू करता येतं. दोन रांगा केल्या आणि टीसीपीच्या रिकाम्या पोचपावत्या, म्हणजे 'डेटा मिळाला' एवढंच कळवणारी छोटी पॅकेटं, वरच्या रांगेत घातल्या. आता फाइल चढत असतानाही पोर्टल उघडतं. काकांच्या कचेरीत याहून मोठं काम कुठल्याच यंत्राने केलेलं नाही, असं मी मनापासून म्हणतो.

उणिवाही आहेत. स्वतः बांधलेला कर्नल 'फ्रीबीएसडी-अपडेट' ही सुधारणा उतरवणारी आज्ञा बदलत नाही; सुरक्षेची दुरुस्ती आली की तो पुन्हा बांधायचा. ओपनबीएसडीने 4.7 मध्ये नॅटचे (आतल्या मशीनचे पत्ते बाहेरच्या एका पत्त्यात बदलण्याचे) नियम लिहायची पद्धत बदलली, त्यामुळे तिथली उदाहरणं उचलून चिकटवली तर फ्रीबीएसडीच्या जुन्या आवृत्त्यांवर अडतात. फ्रीबीएसडीचं हँडबुकच वाचा. आणि नियमांशिवाय चालू केलेला पीएफ सगळंच जाऊ देतो. आयपीएफडब्ल्यू या फ्रीबीएसडीतल्या दुसऱ्या फायरवॉलचं उलट: त्याचा 65535 क्रमांकाचा शेवटचा नियम मुळात सगळं अडवतो, त्यामुळे दुरून एसएसएचवर (नेटवर्कवरून मशीन चालवायच्या जोडणीवर) बसून तो लोड केलात तर स्वतःच बाहेर राहाल. पीएफ लावतानाही पहिल्यांदा मशीनसमोर कीबोर्ड आणि मॉनिटर घेऊनच बसा.