टार्टन कुठलं घ्यावं: कुळाचं, गावाचं की सगळ्यांचं?

एडिनबरा किंवा ग्लासगोला पदवीदान असो, नाहीतर कुणाचं लग्न. किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा घागऱ्यासारखा चुणीदार पोशाख) शिवायला गेलात की आधी आडनाव विचारलं जातं, कारण त्यावरून टार्टन, म्हणजे किल्टचं चौकडीचं कापड, ठरवतात. ही सवय पक्की केली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हायलँडचा, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाचा, पोशाख विकणाऱ्यांनी. त्यांच्या कॅटलॉगांना आडनावांच्या याद्यांचा मोठा आधार असे. आडनाव टेलर असेल तर कुळ कॅमेरॉन, मिलर असेल तर मॅकफार्लेन. ज्यांच्या पूर्वजांनी कधी किल्ट नेसला नाही अशा कित्येक घरांना या याद्यांनी कुळ मिळवून दिलं, आणि कापडाला गिऱ्हाईक.

मुळात नावं देणारे होते विणकर. बॅनकबर्नच्या विल्सन मंडळींच्या 1819 सालच्या नमुनावहीत काही चौकडींना नुसते क्रमांक आहेत, काहींना कुळांची नावं, तर काहींना अ‍ॅबर्डीन, ग्लासगो, पर्थ अशी गावांची. 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला, मागणी वाढली आणि कुळाची नावं जास्त खपू लागली. 1842 साली सोबिएस्की स्टुअर्ट म्हणवणाऱ्या दोन भावांनी जुन्या हस्तलिखिताच्या नावावर बनावट नमुने छापले. त्यातले बरेच पुढे कुळांचे म्हणून विकले गेले, आजही विकले जातात.

म्हणून माझं मत असं: त्या कुळातल्या घराशी सोयरीक असेल, किंवा कुणी प्रेमाने आपलं टार्टन नेसायला सांगितलं असेल, तर कुळाचं घ्या. त्याला खरा अर्थ आहे. जोशी-कदमांनी यादीत जवळचं आडनाव शोधत बसू नये. ज्या गावात शिकलात, राहिलात, त्या गावाचं घ्या. गावाचं नाव कुळाच्या नावाच्या शेजारीच नोंदलेलं होतं, तेव्हा त्यात कमीपणा काही नाही. कायद्यानेही कुणाला अडवलेलं नाही. 2009 पासून स्कॉटलंडची सरकारी टार्टन नोंदवही आहे, पण ती नमुने नोंदवते, नेसणाऱ्याचं आडनाव तपासत नाही.

तिसरा पर्याय सगळ्यांचा: ब्लॅक वॉच, त्याच नावाच्या स्कॉटिश पलटणीचं टार्टन, आणि मला तो सगळ्यात आवडतो. गडद निळा, काळा, हिरवा. दुरून जवळजवळ काळंच वाटतं. हातात घेऊन उजेडात धरलं की हिरव्या चौकटी वर येतात. हेच कापड सरकारी टार्टन म्हणून, कॅम्पबेल म्हणून आणि ग्रँटांचं शिकारीचं टार्टन म्हणूनही विकलं गेलं आहे. त्यावर एक पिवळी रेघ टाका, गॉर्डन झालं. पांढरी आणि लाल टाका, मॅकेंझी. दोन्ही पलटणींसाठी केलेले बदल. नावाचा आग्रह किती धरायचा, हे या तीन कापडांचे तुकडे शेजारी ठेवले की आपोआप ठरतं.

दुकानात ‘एन्शंट’ आणि ‘मॉडर्न’ असंही विचारतील. चौकडी तीच, फक्त रंगछटा वेगळ्या. एन्शंट म्हणजे जुन्या वनस्पती-रंगांसारखा फिका, मॉडर्न म्हणजे गडद. फोटोत फिका उठून दिसतो, रात्रीच्या समारंभाला गडद शोभतो.

जॅकेटच्या बाबतीत कॅटलॉगांची शिस्त अजून उपयोगी आहे: दिवसा ट्वीड आणि साधं चामडी स्पोरन (किल्टवर पुढे लटकणारी पिशवी), संध्याकाळी काळं जॅकेट, चांदीची बटणं आणि केसाळ स्पोरन. प्रिन्स चार्ली जॅकेट फोटोत रुबाबदार दिसतं, पण ते बो-टायसोबत संध्याकाळीच घालायचं. एकच जॅकेट घेणार असाल तर काळं आर्गाइल घ्या. साध्या टायवर दुपारचं लग्न निभावतं, बो-टायवर रात्रीचं जेवणही. वाचलेले पैसे किल्टमध्ये घाला: पूर्ण आठ यार्डांचा, मागच्या चुण्या घातल्यावरही चौकडी सलग दिसेल असा शिवलेला. कमी कापडाच्या किल्टला मागे भार नसतो, आणि चालताना तो झुलत नाही.