सहा फुटी खाऱ्या पाण्याची टाकी: कुर्ल्यातील एका उभारणी-सेवेचे परीक्षण

खाऱ्या पाण्याची मोठी टाकी घरात बसवून देणारे मुंबईत मोजकेच आहेत आणि त्यांचा शोध घेणारा माणूस फिरून फिरून कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या माशांच्या दुकानांपाशीच येतो. आमच्या गोरेगावच्या घरातील 6 फूट लांब, 2 फूट रुंद आणि 2 फूट उंच टाकीचे काम कुर्ल्यातील अशाच एका व्यावसायिकाने केले. काच, स्टँड, नळजोडणी, यंत्रे, पहिले पाणी आणि नंतरची देखभाल असे सर्व काम एकाच करारात होते. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यात स्तुतीइतक्याच तक्रारी आहेत आणि वाचकाला उपयोग कामाच्या तपशिलाचा आहे. माझे मत आधीच सांगतो: टाकीत पहिला मासा येईपर्यंतचे त्यांचे काम अत्यंत काळजीपूर्वक झाले, मासा आल्यानंतरच्या सेवेत मात्र ती काळजी राहिली नाही.

सर्वात चांगली गोष्ट म्हणजे कोटेशन देण्याआधी त्यांनी वजनाचा विषय काढला. या मापाच्या टाकीत काठोकाठ 680 लिटर पाणी मावते आणि खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असल्यामुळे नुसत्या पाण्याचेच वजन 700 किलोच्या जवळ जाते. त्यात 12 मिलिमीटर जाडीच्या काचेचे सुमारे 120 किलो, दगड, वाळू, लोखंडी स्टँड आणि खालच्या सम्पमधील (टाकीखालच्या छोट्या टाकीतील) पाणी मिळवले की एकूण भार 1100 किलोच्या आसपास होतो, आणि तो सगळा 12 चौरस फुटांवर येतो. निवासी इमारतीतील खोल्यांच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण 200 किलोचा वापर-भार धरलेला असतो. हा आकडा संपूर्ण खोलीवर समान पसरलेल्या भाराचा असल्याने केवळ भागाकार करून टाकी धोकादायक ठरवणे बरोबर नाही. टाकी बीमवर आडवी बसते की दोन बीमच्या मधल्या स्लॅबवर बसते, हा खरा प्रश्न आहे. आम्हाला टाकी दिवाणखान्याच्या मधल्या भिंतीला हवी होती. ती भिंत नंतर घातलेली, विटांची आणि भार न पेलणारी निघाली. व्यावसायिकाने स्पष्ट सांगितले की इमारतीचे मूळ नकाशे पाहून स्ट्रक्चरल इंजिनीअरने लेखी होकार दिल्याशिवाय आणि सोसायटीला कळवल्याशिवाय ते काम हाती घेणार नाहीत. शेवटी टाकी बाहेरच्या भिंतीलगत, बीमच्या रेषेवर आली. जुन्या इमारतींनी भरलेल्या या शहरात ग्राहक हातचा जाईल याची पर्वा न करता अशी अट घालणाऱ्याला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

नळजोडणीचे काम ज्या मिस्त्रींनी केले ते त्यांच्या विषयात पारंगत होते. टाकीतील पाणी कडेच्या ओव्हरफ्लोतून खालच्या सम्पमध्ये उतरते, तिथे गाळले जाते, स्किमरमधून (बुडबुड्यांच्या फेसाने घाण वेगळी करणाऱ्या यंत्रातून) जाते आणि रिटर्न पंप ते पुन्हा वर चढवतो. वीज गेली की पंप थांबतो, आणि वर चढवणाऱ्या पाइपचे तोंड पाण्यात खोल बुडालेले असेल तर पाणी त्याच वाटेने उलटे खाली येत राहते. या टाकीत पाण्याची पातळी 1 इंचाने उतरली तरी 28 लिटर पाणी सम्पमध्ये येते. मिस्त्रींनी पाइपचे तोंड पृष्ठभागाच्या अगदी जवळ ठेवले, त्यामुळे पातळी जराशी उतरताच तोंड उघडे पडते, हवा आत शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. एकदिशा व्हॉल्व्ह बसवा, असा सल्ला अनेक जण देतात. त्यावर विसंबून राहू नका, काका, मीठ आणि शेवाळ धरले की तो अर्धवट उघडा राहतो, असे ते म्हणाले. सगळे जोडून झाल्यावर त्यांनी मुख्य बटण बंद केले आणि आम्हाला सम्पसमोर बसवले. पाणी चढत गेले, वरच्या पाइपने हवा ओढल्याचा घुरघुर आवाज आला, आणि सम्पचा काठ दोन बोटे उरलेला असताना पातळी स्थिर झाली. तिथे त्यांनी काचेवर मार्करने रेघ मारली आणि चालू अवस्थेत पाणी कधीही किती वर असावे याची दुसरी रेघ त्याखाली मारली. हे घडताना पाहिलेल्या माणसाला वीज गेल्यावर घरात पाणी होईल ही भीती राहत नाही. विजेच्या बाबतीतही स्वतंत्र आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि प्रत्येक वायरला प्लगच्या खाली उतरणारा झोल देण्याचा आग्रह त्यांनीच धरला, जेणेकरून वायरवरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोहोचण्याआधी खाली ठिबकेल.

समुद्र दाराशी असताना मीठ विकत का घ्यायचे, असे घरी आलेला प्रत्येक जण विचारतो. मुंबईच्या किनाऱ्यावरचे पाणी खाड्यांतून येणाऱ्या सांडपाण्याने आणि गाळाने दूषित असते, पावसाळ्यात त्याची क्षारताही घसरते, आणि बंद टाकीत त्या पाण्यातले सगळे दोष मुक्कामाला राहतात. त्यामुळे महापालिकेचे पाणी आरओ आणि डीआय (उरलेले क्षार काढणाऱ्या) गाळणीतून काढून त्यात तयार सागरी मीठ मिसळणे हाच विश्वासाचा मार्ग आहे. आपल्याकडे तलावांतून येणारे पाणी मृदू असते हे खरे, पण त्यातला क्लोरीन आणि जुन्या नळांतून येऊ शकणारे तांबे यांचा बंदोबस्त करावाच लागतो. तांब्याचा अंश कोळंबी-शिंपल्यांच्या वर्गातील जिवांना फार लवकर मारतो. सम्पसह आमच्या टाकीला पहिल्या भरणीत 27-28 किलो मीठ लागले. क्षारता मोजण्याचे रिफ्रॅक्टोमीटर त्यांनी आधी 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग क्षार) प्रमाणित द्रावणाने जुळवून घेतले आणि मगच आमच्या पाण्याचा थेंब काचेवर टाकून ते खिडकीच्या उजेडाकडे धरले. निळ्या-पांढऱ्या रंगांची सीमा नेमकी 35 वर आल्याचे त्यांनी घरातल्या प्रत्येकाला डोळा लावून पाहायला दिले. साध्या पाण्याने शून्य जुळवून काम भागवणाऱ्या अनेकांपेक्षा ही रीत निश्चितच अधिक काटेकोर आहे.

दगडांच्या बाबतीतही त्यांची भूमिका स्वच्छ होती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या समुद्रातील प्रवाळ आणि समुद्रघोडे संरक्षित आहेत, आणि मेलेल्या प्रवाळाचा तुकडाही त्यातून सुटत नाही. तरीही बाजारात ‘लाइव्ह रॉक’ (समुद्रातून काढलेले, जिवाणू वसलेले दगड) म्हणून काय काय दाखवले जाते हे मी दुसरीकडे पाहिले होते. यांनी सिरॅमिकचे सच्छिद्र, कारखान्यात बनवलेले दगड दिले. दिसायला सुरुवातीला ते फार पांढरे आणि कोरडे वाटतात, पण काही महिन्यांत त्यांच्यावर जांभळट थर चढू लागतो, आणि जिवाणूंना राहायला जागा देण्याचे मुख्य काम ते पहिल्या आठवड्यापासून करतात.

टाकीत पाणी भरल्यावर मासे सोडण्याची घाई सगळ्यांनाच असते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे तुलनेने कमी घातक नायट्रेट करतात, आणि या दोन्ही वसाहती बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. खाऱ्या पाण्याचा पीएच 8.1 ते 8.4 असल्यामुळे तेवढाच अमोनिया गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा इथे अधिक विषारी ठरतो. व्यावसायिकाने माशांशिवाय, बाटलीतला अमोनिया घालून ही प्रक्रिया करून घेतली आणि 2 पीपीएम (दहा लाख भागांत 2 भाग) अमोनिया 24 तासांत पूर्ण नाहीसा होऊन नायट्राइटही शून्य दिसेपर्यंत एकही मासा देण्यास नकार दिला. माझी नात रोज शाळेतून आल्यावर ‘आजोबा, आज निळा की जांभळा?’ म्हणून नायट्राइटच्या नळीचा रंग पाहायची. तो रंग एकदाचा आकाशी होऊन तसाच टिकला तेव्हाच त्यांनी हिरवा कंदील दाखवला.

आता तक्रारींकडे येतो. पहिली चिलरची. मुंबईत एप्रिल-मेमध्ये दिवसा 33-34 अंश असतात, रात्रीही हवा फारशी उतरत नाही, आणि पंप व दिवे पाण्यात आणखी उष्णता घालतात. पाणी 25-26 अंशांवर ठेवायचे तर चिलरला पर्याय नाही. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणजे ज्या वेळी माशांना तो जास्त लागतो त्याच वेळी तो कमी मिळतो. एवढे महत्त्वाचे यंत्र त्यांनी टाकीखालच्या बंद कपाटात बसवले. चिलर पाण्यातली उष्णता काढून बाहेरच्या हवेत टाकतो. ती हवा कपाटातच कोंडली तर तो तीच गरम हवा पुन्हा ओढतो आणि थांबायचे नाव घेत नाही. उन्हाळा लागताच आमचा चिलर दिवसरात्र चालू राहू लागला, कपाटाच्या दाराला हात लावला तर चटका बसावा इतकी धग यायची, आणि विजेचे बिल पाहून त्याचे कारण कळायला वेळ लागला नाही. पुढे त्यांनी तो ड्राय बाल्कनीत हलवला, पाइपांना फोमचे वेष्टण घातले आणि प्रश्न मिटला, पण भिंतीला भोके पाडण्याचा आणि वाढीव पाइपचा खर्च आमच्याकडून घेतला. जागेची निवड त्यांची असताना हा खर्च ग्राहकावर टाकणे मला मान्य नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे, ती माशांच्या पुरवठ्याची. क्लाऊनफिशची जोडी त्यांनी संवर्धनकेंद्रातली, म्हणजे समुद्रातून न पकडलेली दिली, हे चांगले केले. या माशाच्या प्रजननाचे तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही विकसित केले आहे आणि शक्य तिथे असाच मासा घ्यावा. पुढचे मासे मात्र दुकानातून पिशवीत आणून थेट मोठ्या टाकीत सोडण्याची त्यांची पद्धत होती. ‘आमच्याकडे आठवडाभर होते, खाऊनपिऊन ठणठणीत आहेत’ हे त्यांचे उत्तर. सागरी पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी काही दिवस माशाच्या अंगावर काढून मग वाळूत-दगडांवर गोळीसारखा चिकटून कित्येक आठवडे राहू शकतो, त्यामुळे आठवडाभर ठीक दिसलेला मासा निरोगीच आहे असे ठरत नाही. एकदा हा परजीवी मोठ्या टाकीत शिरला की तांब्याचे औषध तिथे घालता येत नाही, कारण कोळंब्या मरतात आणि दगड तांबे शोषून ठेवतात. सगळे मासे बाहेर काढून टाकी जवळजवळ अडीच महिने माशांविना चालवावी लागते. वेगळ्या लहान टाकीत किमान महिनाभर नवा मासा ठेवण्याची व्यवस्था कोटेशनमध्येच असायला हवी होती. आम्ही ती स्वतः उभी केली. त्याशिवाय, केवळ बारीक जिवंत जिवांवर जगणारा मँडरिन मासा त्यांनी नव्या टाकीसाठी सुचवला, जिथे त्याच्या पोटाला पुरेल इतके खाद्य तयारच झालेले नसते. तो आम्ही घेतला नाही.

देखभालीसाठी येणारा मुलगा नम्र आणि वेळेचा पक्का आहे. तो काच घासतो, स्किमरचा पेला धुतो, दहा टक्के पाणी बदलतो. पण सांगितल्याशिवाय चाचणी करत नाही, आणि एकदा त्याने पिशवीतून काढलेली जाळी ओली होती. दुसऱ्या कुणाच्या टाकीतून निघून तीच जाळी आमच्या टाकीत जाणार होती. त्याचा दोष कमी आहे. एकाच पिशवीत सगळ्या घरांची अवजारे देऊन त्याला पाठवणाऱ्यांचा जास्त आहे.

खर्चाबद्दल थोडक्यात सांगतो. एकूण रक्कम साडेतीन ते चार लाखांच्या दरम्यान गेली, त्यात काच आणि स्टँडपेक्षा चिलर, स्किमर, पंप आणि दिवे यांचा वाटा मोठा होता. बाष्पीभवनाने रोज उडणारे काही लिटर पाणी आपोआप भरणारे सेन्सरचे यंत्र त्यांनी ऐच्छिक म्हणून दाखवले होते. ते मूळ यादीतच धरावे, कारण पाणी उडते आणि मीठ मागे राहते, म्हणून भर नेहमी गोड्या आरओ पाण्याची घालावी लागते आणि ती एक दिवस चुकली तरी क्षारता चढते. वीज गेल्यावर वेव्हमेकर (टाकीतले पाणी हलते ठेवणारा पंप) आणि रिटर्न पंप इन्व्हर्टरवर चालतील अशी जोडणीही त्यांनी करून दिली. चिलर त्या इन्व्हर्टरवर नाही, आणि तो असण्याची गरजही नाही. तासा-दोन तासांत एवढ्या पाण्याचे तापमान फारसे हलत नाही, प्राणवायू मात्र तेवढ्यात घटू शकतो.

देखभालीचा करार आम्ही पुन्हा केला आहे. जाळी, सायफन आणि बादली आमच्या घरातलीच वापरायची, प्रत्येक भेटीत क्षारता, नायट्रेट आणि अल्कलिनिटी (पीएच टिकवून धरण्याची पाण्याची क्षमता) मोजून वहीत लिहायची आणि चिलरची जाळी दर महिन्याला साफ करायची, या अटी त्यात लिहून घेतल्या, आणि त्यांनी त्या खळखळ न करता मान्य केल्या. मासे पुरवण्याचे कलम मात्र नव्या करारातून काढून टाकले आहे.