‘टक’ वाजला म्हणजे रिले चांगला असं नाही: जुन्या पिकअपचा ब्लोअर, पावसाळा आणि थंडी काढल्यानंतर

जूनमध्ये बसवलेला 40 अँपिअरचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि त्याचा नवा बेस (तो ज्यात खोचतात ते सॉकेट), दोन्ही अजून ठणठणीत आहेत. पुण्यात हीटर लागतो तो डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, तोही हौस म्हणून. ब्लोअर, म्हणजे काचेवर आणि आत हवा सोडणारा पंखा, मात्र पावसाळ्यात हवाच. ताम्हिणी घाटात धो धो पावसात काच आतून धुरकटली आणि ब्लोअर गप्प बसला, की एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्यात फडकं.

लक्षण असं होतं: चारही स्पीड एकदम गायब, आणि डॅशबोर्डवर थाप मारली की कधीकधी परत हजर. नुसता शेवटचा स्पीड चालत असता आणि खालचे बंद असते, तर दोष रेझिस्टरचा, म्हणजे करंट अडवून खालचे स्पीड देणाऱ्या भागाचा. शेवटच्या स्पीडला करंट त्याला वळसा घालून जातो. चारही बंद म्हणजे फ्यूज, रिले, मोटर नाहीतर अर्थिंगची वायर. फ्यूज शाबूत होता.

रिले सापडणं हेच निम्मं काम. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचं चित्र केव्हाच पुसलेलं. मुलाला चावी ऑन-ऑफ करायला बसवलं आणि मी एकेका रिलेवर बोट ठेवत गेलो. दोन-तीन एकदम वाजतात, त्यामुळे कानापेक्षा बोट बरं. शेवटी ग्लोव्ह बॉक्स काढल्यावर मागे, डावीकडच्या पत्र्याला लटकलेला दिसला. हात लावला तर टक वाजत होता. इथेच बरेच जण ‘रिले ओके’ म्हणून मोटर उतरवायला घेतात.

मी शेजारचा हॉर्नचा रिले काढून तिथे लावला. ब्लोअर सुरू, हॉर्न बंद. पुण्यात हॉर्नशिवाय गाडी गल्लीबाहेर काढता येत नाही, त्यामुळे ही सोय तात्पुरतीच. अदलाबदल करताना दोन्हींच्या अंगावरची आकृती जुळवून बघा. दिसायला सारख्या रिलेतही 30 आणि 86 या पिनांच्या जागा उलट असू शकतात, आणि आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर 85-86 ची उलटापालट चालत नाही. हे नंबर डीआयएन 72552 या जर्मन मानकातले: 30 बॅटरीकडून, 87 मोटरकडे, 85 आणि 86 कॉइलचे, म्हणजे आतला स्विच ओढणाऱ्या चुंबकाच्या गुंडाळीचे.

मग जुना रिले टेबलावर घेतला. कॉइल 80 ओहमच्या आसपास, म्हणजे उत्तम. कॉइलला 12 व्होल्ट दिले, टक. मीटरने 30 ते 87 बघितलं, बीप. म्हणजे सगळं पास! पण मीटर सोडतो तो करंट नगण्य, आणि 0.1 ओहमचा दोष त्याच्या स्वतःच्या वायरींतच हरवून जातो. ब्लोअर मोठ्या स्पीडला 15 अँपिअर ओढत असेल, तर तेवढ्याच 0.1 ओहमवर दीड व्होल्ट गळतो आणि 22 वॉटच्या वर उष्णता त्या काडेपेटीएवढ्या डबीत साठते. म्हणून हेडलाइटचा जुना 55 वॉटचा बल्ब रिलेतून पेटवला आणि मीटर व्होल्टवर ठेवून 30 आणि 87 च्या मध्ये लावला. बल्ब पिवळट, मीटरवर व्होल्टाच्या वर आकडा. नव्या रिलेवर हाच आकडा 0.1 च्याही खाली. तपकीर गल्लीतला साधा मीटर आणि एक बल्ब, याहून जास्त काही लागत नाही.

टोपी उचकटली तर कॉन्टॅक्ट काळे, खड्डे पडलेले. पण माझ्या मते खरा गुन्हेगार बेस. 87 च्या खाचेभोवतीचं प्लॅस्टिक करपून तपकिरी झालेलं, आतली क्लिप ढिली. अशा बेसमध्ये नवा रिले खोचला तर तोही भाजणारच. वायरमन म्हणाले, “साहेब, कशाला खर्च करता? रिले काढून डायरेक्ट करून देतो की.” म्हटलं, “नको मामा, बेस टाका आणि वायर जाड घ्या.” डायरेक्ट केलं की चावी काढल्यावरही लाइन जिवंत राहते, ब्लोअर चुकून चालू राहिला तर सकाळी धक्का मारा. दोन्ही वस्तू नाना पेठेत सहज मिळाल्या. सगळ्यात स्वस्त रिले मात्र घेऊ नका, हातात घेतला तरी हलका लागतो.

तक्रारी किरकोळ आहेत. नवा बेस मूळच्या पट्टीत बसत नाही, केबल टायने बांधलाय, खड्ड्यात खडखडतो. पावसाळ्यात एकदा आवाज बदलला तेव्हा रिलेवर संशय घेतला, पण निघाला गुलमोहोराच्या पाल्याचा लगदा, काचेखालच्या जाळीतून थेट पंख्यात. या गाडीला केबिन फिल्टरच नाही. पंखा जड फिरला की करंट वाढतो आणि भार पुन्हा रिलेवरच येतो, म्हणून पार्किंगची जागा बदलली.

सध्या दुसरा स्पीड मधूनच दगा देतो. तो रेझिस्टरचा उद्योग, त्यात रिलेचा काही संबंध नाही. नाना पेठेत पुढची चक्कर झाली की आणेन. तोवर एक आणि चारवर भागतंय.