एकोणचाळीस गुरुवार आणि भाजीची पिशवी

६ जून २०२४ ला शेतकऱ्यांच्या एका गटाकडून आमच्या दारात भाजीची पहिली पिशवी आली, आणि २७ फेब्रुवारी २०२५ ला एकोणचाळिसावा गुरुवार झाला. त्यातले दोन कोरडे गेले, त्याबद्दल पुढे. सोसायटीत आणि ऑफिसात इतक्या जणांनी विचारलंय, की एकदा सगळं लिहूनच टाकतो. गटाचं नाव देत नाही, कारण कौतुकाइतक्याच तक्रारीही आहेत आणि मुद्दा एका गटाचा नाहीच. पुण्यात असे बरेच गट आहेत.

व्यवहार असा. आम्ही धायरीत राहतो, घरात चार माणसं: मी, बायको, आठवीतली मुलगी आणि आई. पुरंदर आणि वेल्ह्याकडचे सहा-सात शेतकरी मिळून आठवड्याला एक पिशवी देतात. तेरा आठवड्यांचे ६,२४० रुपये आगाऊ, म्हणजे पिशवीला ४८०. पाच ते सहा किलो माल. त्यात काय येणार ते बुधवारी रात्री व्हॉट्सॲपवर कळतं, आणि निवड करता येत नाही. कांदे-बटाटे, आलं-लसूण, मिरच्या यांत नसतात. ते अजूनही कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडूनच घेतो. मी त्यांच्याकडे कमी फिरकायला लागलो तेव्हा त्यांनी पहिल्या महिन्यातच विचारलं होतं, "काय, मॉलमधून आणता का आता?"

पहिले काही आठवडे मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिशवी मोजायचो. सगळ्यात कमी भरली ४.२ किलो, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. सगळ्यात जास्त ८.१, जानेवारीत. सरासरीत गट शब्दाला जागला. पैशाचं म्हणाल तर आमचा भाजीचा खर्च साधारण तेवढाच राहिला. श्रावणात कोथिंबीर-मेथीचे भाव चढले तेव्हा आम्ही फायद्यात होतो. थंडीत मंडईत सगळं मातीमोल झालं तेव्हा तोट्यात.

पैशाचा हिशेब जुळला. जो हिशेब मी धरलाच नव्हता, तो वेळेचा.

तिसऱ्या गुरुवारी पिशवीत माठ, टाकळा, दोन जुड्या शेपू आणि गवार होती. टाकळ्याची कोवळी पानं खुडायची, देठ टाकायचे, चार पाण्यांतून धुवायची, तरी पाचव्या पाण्यात माती निघते. मंडईतली जुडी निदान झटकलेली असते. ही पावसात भिजलेल्या शेतातून थेट आलेली. रात्री साडेनऊला बायको ओट्याशी उभी राहून हे सगळं निवडत होती आणि मी हॉलमध्ये पिशवीचा फोटो भावाला पाठवत होतो. ती बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "हौस तुझी आणि निवडायचं मी?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून गुरुवारी जेवण झालं की जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं आणि चौघांनी बसायचं. मी घड्याळ लावून पाहिलंय: पावसाळ्यात पाऊण तास, थंडीत वाटाणा-पावटा असेल तर सव्वा तास. हा वेळ ज्यांच्या घरी कोणाकडेच नाही, त्यांच्या फ्रिजमध्ये तीन आठवड्यांत काळी पडलेली मेथी सापडेल. आमच्याच मजल्यावरच्या एका कुटुंबाने याच कारणाने दीड महिन्यात पिशवी बंद केली. ती दोघंही हिंजवडीला जातात, त्यात त्यांचा दोष काय?

आता चवीकडे येतो. पालेभाजी बुधवारी संध्याकाळी कापलेली असते, त्यामुळे चाकवत आणि करडई शिजवताना घरभर जो वास सुटतो तो मी लहानपणानंतर पहिल्यांदाच घेतला. पुरंदरचा वाटाणा भाद्रपदात आला. सोलता सोलता मुलीने निम्मा कच्चाच संपवला. सासवडकडची सीताफळं दोनदा आली, एकदा अर्धी किडकी. करटोली एकदाच, पाव किलो, तिच्यावरून घरात भांडण. अळूची फजिती मात्र माझी. आई गावाला गेली होती, मी युट्यूब पाहून फदफदं केलं आणि चिंच कमी घातली. दोन घासांत घसा खाजायला लागला. आईला फोन केला तर तिकडून हसणंच ऐकू आलं. अळूतल्या खाजेला आंबट लागतं, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती, मी सोडून.

ऑक्टोबरात लागोपाठ चार आठवडे दुधी आला. चार! कोफ्ते, थालीपीठ, हलवा, आणि चौथ्याला मावशींना देऊन टाकला. भेंडी दोनदा इतकी जून होती की सुरी लागेना. मी ग्रुपवर फोटो टाकला, त्यांनी पुढच्या वेळी पाव किलो जास्त दिली. तीही जूनच होती.

कोरडे गुरुवार दोन. ३१ ऑक्टोबर, कारण दिवाळी, त्यांनी आधीच सांगितलं होतं. दुसरा २५ जुलै. त्या दिवशी खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं होतं, एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, सिंहगड रस्ता ठप्प. टेम्पो कुठून येणार? शेतातही पाणी होतं. पुढच्या आठवड्यात पिशवीत नुसती केळफुलं, सुरण आणि दोडका. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं, की आगाऊ पैसे भरणं म्हणजे त्यांच्या पावसात आपणही थोडं भिजणं आहे. मंडईत त्या आठवड्यातही पालक मिळत होता, महाग का होईना.

डिसेंबरात गटाने हुरड्याला बोलावलं होतं, सासवडच्या पुढे. दिवे घाटातून जाताना मुलीला उलटी झाली, बाकी दिवस छान. शेताच्या कडेला निळा दोनशे लिटरचा ड्रम, त्यात जमिनीला घालायचं जीवामृत: शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. काठीने ढवळलं की वर फेस येतो आणि वास ताकासारखा आंबूस, मला वाटला होता तसा घाण नाही. मी तिथे सेंद्रिय प्रमाणपत्राचं विचारलं. त्यांनी कागद दाखवला तो पीजीएस-ग्रीनचा. पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांच्या गटांनी एकमेकांची शेतं तपासायची सरकारी पद्धत, आणि ग्रीन म्हणजे जमीन अजून रासायनिककडून सेंद्रियकडे बदलाच्या काळातली. पूर्ण सेंद्रियचा शिक्का वेगळा, तो अजून मिळालेला नाही. पण त्यांच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत 'सेंद्रिय' लिहिलेलं असतं, आणि ते मला पटत नाही. जे आहे ते सांगितलं असतं तरी मी पैसे भरलेच असते.

त्याच दिवशी एका शेतकऱ्याशी बोलणं झालं. अडीच एकरांतली अर्धा एकर पिशवीसाठी, बाकी कांदा आणि वाटाणा, तो गुलटेकडीला मार्केट यार्डात जातो. "तुमच्या पिशवीवर घर चालत नाही दादा," तो म्हणाला, "पण दर आधी ठरलेला असतो, रात्री झोप लागते." यार्डात गाडी लागेपर्यंत त्याला भाव माहीत नसतो, आणि हमाली-तोलाई वर वजा होते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट करतो. 'लोकल' खाऊन पृथ्वी वाचवतोय असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. यार्डातही पुरंदरचाच वाटाणा येतो, मावशींच्या टोपलीतही तोच असतो. आमचा टेम्पो बत्तीस घरांसाठी जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर पळतो. फरक पडला तो दुसरीकडे: आम्ही मोसमाबाहेरचं आणणं सोडलं. जूनमध्ये मटार पनीर नाही, पावसात फ्लॉवर नाही. आधी 'आज काय करू' असं ठरवून भाजी यायची, आता 'काय आलंय' ते पाहून ठरतं.

तांदूळही त्यांच्याकडूनच घेतला, वेल्ह्याकडचा इंद्रायणी, पंचवीस किलो. हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचा, १९८७ चा, आंबेमोहोरच्या रक्ताचा. नवा तांदूळ आहे हे विसरून नेहमीइतकं पाणी घातलं तर खीर होते, आमची दोनदा झाली. सुगंध मात्र कुकरची शिट्टी व्हायच्या आत दारापर्यंत जातो.

पिशवीबरोबर ओला कचरा दुप्पट झाला, ते कोणी आधी सांगत नाही. देठ, सालं, वाटाण्याच्या शेंगा. म्हणून ऑगस्टात बाल्कनीत कंपोस्टचा ड्रम घेतला आणि पहिल्याच महिन्यात माती खाल्ली. पावसाळी पालेभाजीचं पाणी, त्यात मी कोरडं काही टाकलंच नाही. आंबट वास, पांढुरक्या अळ्या, आणि खालच्या भोकातून टपकलेलं पाणी थेट खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरीवर. तपकिरी डाग. काकूंनी चादर घडी करून, न बोलता, आमच्या दाराशी ठेवली. मी नवी घेऊन दिली. मग सुताराकडून पोतंभर भुसा आणला, सोसायटीच्या आवारातली वाळकी पानं गोळा केली, ओल्याच्या बरोबरीने कोरडं टाकायला लागलो आणि आठवड्याला वाटीभर आंबट ताक शिंपडलं. दहा दिवसांत वास गेला. अळ्या मी मारायला निघालो होतो, पण त्या निरुपद्रवी निघाल्या, उलट कचरा भराभर संपवतात. पहिलं खत नोव्हेंबरअखेर चाळलं, साडेतीन किलो. पहिली ओंजळ काकूंच्या कढीपत्त्याला.

सगळ्यात चांगली पिशवी कोणती, तर ९ जानेवारीची. भोगीच्या आधीची. सोलाणे, पावटा, गाजरं, काटेरी वांगी, ओल्या शेंगा, मूठभर बोरं, उसाची दोन कांडकी आणि कागदात बांधलेले तीळ. आईने यादी केली होती, ती खोडायची वेळच आली नाही. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि ती भाजी सोमवारी सकाळी झाली.

त्याच महिन्याच्या शेवटी आमच्या पट्ट्यात, सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, हातापायांतली ताकद घालवणारा मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढले आणि संशय पाण्यावर गेला. आम्ही तीन आठवडे कच्चं काही खाल्लं नाही. काकडीची कोशिंबीर बंद, कोथिंबीर उकळून गार केलेल्या पाण्यात धुवायची. शेतातली ताजी भाजी आणि धुवायला नळाचं पाणी नको, अशी गंमत.

छोट्या तक्रारी: टेम्पो दोनदा रात्री साडेदहाला आला. पालेभाजी आधी प्लास्टिकमध्ये यायची, आम्ही दहा-बारा जणांनी आग्रह धरल्यावर कागदात यायला लागली. खंड पडलेल्या आठवड्याची भरपाई मागावी लागते, आपणहून मिळत नाही. चार माणसांना पूर्ण पिशवी ठीक, दोघांना नक्कीच जास्त. अर्धी पिशवी २६० ला आहे, दोघांनी तीच घ्यावी आणि आधी एकच हप्ता भरावा.

काल चौथ्या हप्त्याचे पैसे भरले. बायकोने एकच अट घातली: गवार आली तर मोडायची मी. आज रात्री यादी आली. पालक, काकडी, शेवगा, दुधी, गवार एक किलो.