लहान मुलांना संगीताचा इतिहास शिकवायचाय: पुस्तक, व्हिडिओ की जुनी ध्वनिमुद्रणं?

आठ ते बारा वर्षांच्या मुलांना संगीताचा इतिहास शिकवायचा म्हटलं की साधनांची कमतरता नसते, वेळेची असते. आठवड्याला एखादा तास मिळत असेल तर ‘सगळंच थोडं थोडं घ्या’ हा सल्ला काही कामाचा नाही. माझा कौल आधीच सांगते: मध्येच थांबवून ‘आता काय बदललं?’ असं विचारता येईल, असं साधन निवडा. या कसोटीवर जुनी ध्वनिमुद्रणं सगळ्यांच्या पुढे जातात. अर्थात, शिक्षकाची पूर्वतयारीही त्यांनाच सर्वांत जास्त लागते.

सचित्र पुस्तकांचा मोठा गुण म्हणजे क्रम. कोण आधी, कोण नंतर, हे मुलांच्या डोक्यात नीट बसतं. पण यांतली बरीच पुस्तकं चरित्रांच्या वाटेने जातात आणि मग किस्सेच उरतात. तानसेनाने दीपक रागाने दिवे लावले, ही दंतकथा मुलांना पक्की आठवते. त्या काळी धृपद गायचे म्हणजे काय गायचे, हे मात्र कोरंच राहतं. घेण्याआधी अनुक्रमणिका उघडून बघा. बाख ते बीथोव्हेन असा युरोपीय रचनाकारांचा एकच रस्ता आणि उरलेलं जग शेवटच्या प्रकरणात कोंबलेलं असेल, तर ते पुस्तक स्वतःपुरतं ठेवा. एका विषयात मात्र पुस्तकाला तोड नाही: स्वरलेखन. अकराव्या शतकात इटलीतल्या ग्विदो द’आरेत्झोने एका स्तोत्राच्या ओळींची पहिली अक्षरं घेऊन उत-रे-मी-फा-सोल-ला ही नावं रुजवली, कारण त्या स्तोत्राची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक स्वर वर सुरू होते. शेजारी भातखंडे आणि पलुस्कर यांच्या दोन वेगळ्या स्वरलिपी ठेवल्या, की स्वर कागदावर उतरवायच्या रीती माणसांनी ठरवलेल्या असतात, हे मुलांना डोळ्यांनीच दिसतं.

व्हिडिओ जिंकतो तो यंत्र दाखवण्यात. हार्पसिकॉर्ड या पियानोआधीच्या पट्ट्यांच्या वाद्यात तार छेडली जाते, पियानोत तिच्यावर हातोडी पडते. म्हणून पियानोवर बोटाच्या जोरानुसार आवाज लहान-मोठा करता येतो. इटलीतल्या वाद्यकार क्रिस्तोफोरीने 1700 च्या सुमारास केलेली ही करामत संथ गतीच्या चित्रणात मिनिटभरात उलगडते, पुस्तकाला त्यासाठी दोन पानं लागतात. अमेरिकन वाद्यवृंद-संचालक लिओनार्ड बर्नस्टाइनने 1958 ते 1972 या काळात न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदासोबत मुलांसाठी टीव्हीवर केलेले कार्यक्रम आजही समजावण्याचा नमुना म्हणून बघावेत. पण ते तासभराचे आहेत, आणि भर पाश्चात्त्य वाद्यवृंदावर. एरवीच्या छोट्या व्हिडिओंना एक सोपी चाचणी लावा. निवेदक बाराव्या शतकाबद्दल बोलतोय आणि मागे सिंथेसायझर वाजतोय? पुढे जा.

आता ध्वनिमुद्रणं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’ हा जुन्या ध्वनिमुद्रणांचा ऑनलाइन संग्रह 2011 पासून खुला आहे, लोकसंगीतासाठी ‘स्मिथसोनियन फोकवेज’चा संग्रह आहे. तबकड्यांच्या काळाचा पाठ गायिका गौहर जानपासून सुरू करता येतो. 1902 मध्ये कलकत्त्यात तिचं गाणं मुद्रित झालं, आणि शेवटी ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. मुलं इथे हमखास हसतात; हसू द्या, मग कारण विचारा. गाणं तीनेक मिनिटांतच का संपलं, हेही विचारा: तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. मायक्रोफोनवरचं मुद्रण 1925 च्या सुमारास आलं. त्याआधी कर्ण्यात तोंड घालून गावं लागे आणि व्हायोलिनचा हलका आवाज नीट उमटत नसे, म्हणून व्हायोलिनलाच कर्णा जोडलेला असे. त्याचं चित्र दाखवलंत की वर्ग तुमचा.

त्याहून जुनं उदाहरण 1860 चं आहे. फ्रान्समध्ये एदुआर-लेओं स्कॉत द मार्तेंव्हिलने काजळी लावलेल्या कागदावर आवाजाच्या नुसत्या रेषा उमटवल्या होत्या. वाजवायची सोयच नव्हती. 2008 मध्ये संगणकाने त्या ऐकवल्या, तेव्हा बाईचा किंवा मुलीचा आवाज वाटला. नंतर कळलं, वेग दुप्पट धरला होता. तो बहुधा स्कॉतचाच आवाज. इतिहास दुरुस्त होतो हे मुलांना सांगायला याहून चांगला पाठ मला माहीत नाही.

अडचणीही आहेत. खरखरीला मुलं कंटाळतात, म्हणून तुकडा मिनिटाच्या आतला घ्या. जुन्या गाण्यांत वंशद्वेषी शब्द सर्रास सापडतात, तेव्हा पूर्ण ऐकल्याशिवाय वर्गात लावू नका. स्वामित्वहक्काचे नियमही देशागणिक वेगळे: 1923 पूर्वी प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणं अमेरिकेत 2022 मध्ये खुली झाली, म्हणून ती सगळीकडेच खुली आहेत असं धरू नका.

मुलं आठ वर्षांपेक्षा लहान असतील तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवून प्रत्यक्ष वाद्यांकडे वळा. नाट्यशास्त्रातले तत (तारांची), सुषिर (फुंकून वाजणारी), अवनद्ध (कातडं ताणलेली) आणि घन (आघाताने वाजणारी भरीव) हे वाद्यांचे चार गट हाताने वाजवून शिकता येतात. एकोणिसाव्या शतकात ब्रसेल्सच्या वाद्यसंग्रहाची वर्गवारी करताना तिथल्या संग्रहपाल माहियोंनेही याच चौकटीचा आधार घेतला होता.

तयारीला अजिबात वेळ नसेल तर नासाच्या व्हॉयेजर यानांसोबत 1977 मध्ये अवकाशात गेलेल्या सोनेरी तबकडीची यादी घ्या. संगीताचे 27 तुकडे, एकूण सुमारे दीड तास: केसरबाई केरकरांची भैरवी, बाख, रॉक गायक चक बेरी, गुचिन हे चिनी तंतुवाद्य. एका तासाला दोन तुकडे पुरे. परीक्षेचा अभ्यासक्रम सनावळीवर बेतलेला असेल, तर पुस्तक टाळता येणार नाही. मात्र धडा वाचण्याआधी तुकडा ऐकवा, नंतर नको.