अँटिबॉडी आणि डीएनए रिपेअरचा ऑनलाईन कोर्स, घ्यावा का?

परवा संपवला एकदाचा. पहिले दोन व्हिडिओ नुसती उजळणी आहे, सरळ पळवा. खरी मजा तिसऱ्यापासून, जिथे बी सेल (अँटिबॉडी बनवणारी पांढरी रक्तपेशी) अँटिबॉडीचा प्रकार बदलायला स्वतःचाच डीएनए मुद्दाम तोडते ते दाखवलंय. एआयडी नावाचं एन्झाइम डीएनएमधल्या सायटोसिन या अक्षराचं युरॅसिल करतं, मग यूएनजी हे दुसरं एन्झाइम येऊन ते युरॅसिल उपटून काढतं, तिथे खाच पडते आणि दोन्ही धाग्यांवर अशा खाचा जवळजवळ पडल्या की डीएनए सरळ तुटतो! मग कु७०-कु८० ही प्रोटीनची जोडी तुटलेली टोकं पकडते, ५३बीपी१ हे प्रोटीन ती कुरतडू देत नाही, आणि शेवटी लायगेज ४ हे टोकं जोडणारं एन्झाइम शिवण घालतं, मधला तुकडा बाहेर, आयजीएम प्रकारच्या अँटिबॉडीच्या जागी आयजीजी प्रकारची तयार. हे अ‍ॅनिमेशन मी तीनदा बघितलं, खोटं नाही सांगत.

लायगेज ४ नसेल तरी काम अगदीच बंद पडत नाही, पर्यायी जुगाड वापरून पेशी टोकं जोडते, हे मला नवीन होतं. चुकीच्या क्रोमोसोमला टोक जोडलं गेलं तर काय, म्हणजे ८ आणि १४ ची अदलाबदल होऊन बर्किट लिम्फोमा (बी सेलचा कॅन्सर), हे मात्र दोन मिनिटांत गुंडाळलंय, राग आला.

आवाज मधेच बारीक होतो, सबटायटलमध्ये चुका आहेत, सपोर्टला दोन मेल टाकले, उत्तर नाही. तरी ५ पैकी ४, तिसऱ्या व्हिडिओसाठी.